व्हीलचेअर छपरीत पडून आहे, आता बॅटरीची तीनचाकी मागावी का?

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका गावात राहता. भाऊ २७ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी शेळ्यांसाठी पाला तोडताना तो झाडावरून पडला, मणक्याला मार लागला, नागपूरला ऑपरेशन झालं. कमरेखाली ताकद नाही, संवेदनाही नाही, हात मात्र मजबूत आहेत. मागच्या वर्षी तालुक्याच्या शिबिरात व्हीलचेअर मिळाली. ती छपरीत उभी आहे आणि सध्या तिच्यावर बियाण्याचं पोतं ठेवलेलं आहे. घरचे म्हणतात, त्यानं मन सोडलं. सरपंच ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून काहीतरी द्यायला तयार आहेत. तुम्ही विचारता, बॅटरीची तीनचाकी मागावी का, म्हणजे तो घराबाहेर तरी पडेल?

माझं मत: आत्ता मागू नका. पुढं हवं तर नक्की मागा, पण ती तिसरी-चौथी गोष्ट आहे. आधीच्या गोष्टी झाल्या नाहीत तर तीही छपरीतच उभी राहील, आणि ती बरीच जास्त जागा अडवते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठी मदत करते. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या भागात मणक्याची दुखापत झालेल्या माणसांच्या घरी जाऊन काम करते. झाडावरून पडलेले, विहिरीत पडलेले, बंडी किंवा ट्रॅक्टर उलटून मार लागलेले, मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडावर चढून घसरलेले असे बरेच जण पाहिले आहेत. घरात न वापरलेली व्हीलचेअर दिसली की मी त्या माणसाच्या मनाबद्दल शेवटी विचारते. आधी टेप काढून दार मोजते. बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं. खुर्ची दारातून जात नाही, किंवा जाते पण पुढं दोन पायऱ्या आहेत, किंवा अंगणात चाक रुततं. माणूस एक-दोनदा प्रयत्न करतो. चार जण त्याला खुर्चीसकट उचलतात, शेजारी पाहत असतात. मग तो म्हणतो, मला नको बाहेर जायला. घरच्यांना एवढंच ऐकू येतं.

खचणं खोटं असतं असं मी म्हणत नाही. २५ वर्षांच्या मुलाचे पाय गेल्यावर त्याला दुःख होणारच, आणि झोप, जेवण, बोलणं सगळं बंद झालं असेल तर मानसोपचाराची मदत घ्यायलाच हवी. पण ज्याला स्वतःच्या संडासापर्यंत स्वतः जाता येत नाही, त्याला नुसतं 'हिंमत ठेव' म्हणून काही उपयोग नाही.

तुमच्या प्रश्नात वस्तू आहे, मला त्या जागी वाट दिसते. खाटेपासून खुर्ची, खुर्चीपासून दार, दारापासून अंगण, अंगणातून नाली ओलांडून रस्ता, रस्त्यानं ग्रामपंचायत किंवा पानठेला, आणि तिथं आत शिरणं. ओलिताची पाइपलाइन टाकताना दहा जोड पक्के केले आणि एकच सुटला, तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, इथंही तसंच. आपल्याकडं पाइपचा एखादा तुकडा फार चांगला बसवला जातो, त्याचा फोटोही निघतो. सगळे जोड सलग तपासायला कुणी येत नाही.

काही गोष्टी मला न पाहता सांगता येणार नाहीत. दुखापत मणक्याच्या नेमक्या कुठल्या पातळीवर आहे, पायांना झटके किंवा ताठरपणा येतो का, पाठीवर किंवा बसण्याच्या जागी जखम आहे का, लघवीचं व्यवस्थापन कसं चाललं आहे, घर स्वतःचं आहे की गावठाणातली वादाची जागा आहे, दिवसा घरी कोण असतं. यावरून सल्ला बराच बदलतो. कमरेखालची दुखापत आणि मजबूत हात एवढं गृहीत धरून पुढचं लिहिते.

सुरुवात संडासापासून करा. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण त्यांना भावाला बाजारात पाहायचं असतं. पण कारण ऐका. ज्याला संडासाला जाण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते तो आधी पाणी कमी करतो, मग जेवण. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे सकाळी वावरात जातात ते दिवस मावळताना येतात. तेवढा वेळ तो एकटा. पाणी प्यायलं तर पंचाईत, म्हणून पीत नाही. मणक्याच्या दुखापतीत मूत्राशय नीट रिकामं होत नाही, त्यात पाणी कमी, मग जंतुसंसर्ग, मुतखडा, ताप, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर किडनीवर परिणाम. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तर हे फारच धोक्याचं. शिवाय चारचौघांत कपडे ओले होण्याची भीती. बाहेर न पडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असतं आणि ते कुणी बोलत नाही. बहिणीजवळ तर तो अजिबात बोलणार नाही. त्याच्या वयाच्या मित्राला किंवा जावयांना विचारायला सांगा, नाहीतर डॉक्टरांकडं त्याला एकट्याला बोलू द्या. स्वच्छ कॅथेटरनं, म्हणजे बारीक नळीनं, ठरावीक तासांनी स्वतः लघवी काढायला शिकता येतं. हात चांगले असलेला माणूस हे शिकतो आणि त्याचा दिवस मोकळा होतो. अजून कुणी शिकवलं नसेल तर युरॉलॉजी (मूत्ररोग) विभागात किंवा पुनर्वसन विभागात जाऊन हे आधी शिकून घ्या. नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, भावाचं ऑपरेशन झालं असेल तर तिथंच विचारा. नागपूरला केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांच्या पुनर्वसनाचं प्रादेशिक केंद्रही आहे.

आता संडासाची जागा. तुमच्या घरी स्वच्छ भारत मिशनमधून बांधलेला संडास असेल असं धरते. १२ हजारांच्या अनुदानात बांधलेले हे संडास बहुतेक एकाच साच्याचे असतात: घरामागं, अंगणाच्या टोकाला, जोत्यावर दोन पायऱ्या चढून, आत उघडणारं अरुंद दार, आतली जागा जेमतेम तीन बाय चार फूट, खाली बसायचं भांडं. यात व्हीलचेअर शिरणं शक्यच नाही, शिरली तर दार लागणार नाही. दोन मार्ग आहेत.

पैसे कमी असतील तर चाकं असलेली कमोड खुर्ची घ्या, तिच्या सीटला मधे भोक असतं. ती त्याच संडासातल्या भांड्यावर सरकवता येते, किंवा खाली भांडं ठेवून न्हाणीत वापरता येते. त्यासाठी दार बाहेर उघडणारं करा आणि दोन पायऱ्यांच्या जागी उतार करा. दार उलटं बसवायला सुतार किंवा वेल्डरला अर्धा दिवस लागतो, पण फरक मोठा पडतो. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, हेही लक्षात ठेवा.

थोडे पैसे जमत असतील तर घराला लागून नवी न्हाणी-संडास एकत्र बांधा. सहा बाय सात फूट मिळाले तर उत्तम, पाच बाय सहामध्ये भागवता येतं. कमोडची उंची खुर्चीच्या सीटएवढी, म्हणजे साधारण १८ ते १९ इंच. एका बाजूला खुर्ची आडवी लावता येईल एवढी मोकळी जागा. धरायला सव्वा इंची जीआय पाइप, भिंतीपासून दोन इंच सुटा, आणि तो स्क्रूच्या गिट्टीवर नको; भिंतीत काँक्रीट भरून पक्का करा, कारण त्यावर पूर्ण माणसाचा भार येणार आहे. नळ आणि बादली बसल्या जागी हाताला यायला हवी. गुळगुळीत फरशी नको.

दुसरा जोड खाट ते खुर्ची. नवारीची किंवा दोरीची खाट मधे खचते, खचलेल्या खाटेवरून हाताच्या जोरावर बाहेर येणं फार कठीण. खुर्चीच्या सीटच्या उंचीचा तखतपोस, म्हणजे फळ्यांचा पलंग, करा. वर चांगली गादी. मधे सरकायला सागाची पाटी करून घ्या: अडीच फूट लांब, नऊ इंच रुंद, कडा तासलेल्या, पॉलिश केलेली. गावचा सुतार एका दुपारी करून देईल. पण इथं एक अडचण शिबिराच्या खुर्चीचीच असते. तिचे हाताचे दांडे बहुधा पक्के जोडलेले असतात. बाजूनं सरकून बसायचं तर तो दांडा मधे येतो. मग उचलूनच बसवावं लागतं. भावाची खुर्ची एकदा बघा. दांडा निघत नसेल तर खुर्ची न वापरण्याचं अर्धं कारण तेच आहे. वेल्डरकडून तो काढता येण्याजोगा करून घेता येतो.

खुर्ची हातात देणं म्हणजे खुर्ची मिळणं नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ सालीच मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं आहे: माप घ्यायचं, त्या माणसाला बसवून जुळवायची, वापरायला शिकवायचं, नंतर दुरुस्तीला हजर राहायचं. आपल्या शिबिरांत एकाच मापाच्या खुर्च्यांची रांग लावून वाटप होतं. आयोजकांची नियत चांगली असते, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पाच फुटी माणूस आणि सहा फुटी माणूस एकाच खुर्चीत नीट बसत नाही, आणि चुकीच्या खुर्चीत बसल्यानं जखमा होतात.

जखमेबद्दल थोडं सविस्तर, कारण यात माणसं दगावतात. संवेदना नसल्यामुळं बसण्याच्या जागी दाब पडतो ते कळत नाही. खुर्चीच्या रेक्झिनवर थेट बसू देऊ नका, चांगली फोमची किंवा हवेची गादी हवी. मधे भोक असलेली रिंगची गादी मेडिकल दुकानात हमखास पुढं करतात, ती नको. कडेला दाब वाढतो. दर अर्ध्या तासाला पुढं झुकून किंवा बाजूला कलून एक-दोन मिनिटं दाब काढायचा. रात्री आरसा धरून स्वतः पाहायचं. आणि आपल्या उन्हात खुर्ची अंगणात ठेवलेली असेल तर आधी हात लावून पाहा: पाय ठेवायची लोखंडी पाटी आणि काळी सीट इतकी तापते की कातडी भाजते, त्याला कळतही नाही.

आता दार आणि अंगण. खुर्चीची बाहेरून रुंदी साधारण २५-२६ इंच असते, शिवाय चाकावर हात असतो. दाराची चौकट आतून ३२ इंच तरी मोकळी हवी, ३६ असेल तर चांगलं. जुन्या घरात उंबरठा असतो आणि आईला तो काढायला जड जातं. काढू नका. दोन्ही बाजूंनी लाकडाचे उतरते गुटके बसवा, उंबरठा जिथल्या तिथं राहतो, सणाला पूजाही होते.

रॅम्पचं गणित साधं आहे. जेवढी उंची, त्याच्या बारा पट लांबी. जोतं दीड फूट असेल तर १८ फूट. लोक दचकतात, म्हणतात एवढी जागा कुठं? मग आठ फुटांत उरकतात. आठ फुटांच्या रॅम्पवर मजबूत हाताचा माणूसही एकटा चढू शकत नाही आणि उतरताना खुर्ची पुढं कलंडते. ढकलायला कायम कुणीतरी असेल तर थोडा जास्त उतार चालवून घेता येतो, पण मग तो स्वतःहून बाहेर पडणार नाही, हे समजून करा. जागा कमी असेल तर 'एल'सारखा वळवा, वळणावर पाच बाय पाच फुटांची सपाट जागा द्या. रुंदी चार फूट. दोन्ही कडांना तीन-चार इंचांची कड, चाक खाली जाऊ नये म्हणून. पृष्ठभाग झाडूनं खरखरीत केलेला. सकाळचा शेणाचा सडा त्यावर टाकू नका, पावसाळ्यात तो भाग घसरडा होतो.

आणि आपली काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट केलेला रॅम्प वर्षा-दोन वर्षांत घरापासून सुटतो, मधे दोन-तीन इंचांची फट पडते आणि पुढची छोटी चाकं नेमकी तिथं अडकतात. दीड-दोन फूट माती काढा, मुरूम भरून चांगला ठोका, मग काँक्रीट. रॅम्प आणि जोतं यांच्यात मुद्दाम सांधा सोडा आणि तो दरवर्षी पावसाळ्यानंतर पाहून भरा. दारापासून संडासापर्यंत आणि दारापासून फाटकापर्यंत चार फूट रुंदीचा कोबा किंवा ठोकलेला मुरूम-चुरीचा रस्ता. पैसे एकदम नसतील तर आधी संडासाकडचा.

घरापुढची नाली विसरू नका. तिच्यावर लोखंडी जाळी टाकलेली असते, तिच्या फटीत छोटं चाक घुसतं आणि माणूस तोंडावर पडतो. त्या जागी सलग स्लॅब टाका.

इथपर्यंत घर झालं. इथं थांबून एकदा मागं पाहा: लघवीचं व्यवस्थापन, संडास, तखतपोस आणि पाटी, दांडा निघणारी खुर्ची, गादी, दार, रॅम्प, नाली. यातलं बहुतेक काम गावच्याच गवंडी, सुतार, वेल्डरचं आहे. एवढं झालं की मन सोडलेला मुलगा काय करतो ते पाहा. मी जिथं हे सगळं सलग झालेलं पाहिलं, तिथं माणूस आधी संध्याकाळी फाटकापर्यंत येतो, मग रस्त्यावर, मग कुणाच्या तरी ओट्यापाशी जाऊन बसतो.

आता गाव. सरपंच म्हणाले असतील, ग्रामपंचायतीला रॅम्प आहे, शाळेलाही आहे. असणारच. शाळांच्या वार्षिक माहितीत रॅम्प आहे का हा रकाना भरावा लागतो, आणि शाळेत मतदान केंद्र असतं म्हणून निवडणुकीपूर्वीही रॅम्प तपासला जातो. रकान्यात 'आहे' लिहिलं की काम संपतं. प्रत्यक्षात काय असतं? फाटकावर गुरं शिरू नयेत म्हणून आडवे पाइप किंवा अरुंद फिरतं दार. तिथून रॅम्पपर्यंत गिट्टीचं मैदान. रॅम्पच्या पायथ्याशी गुरुजींच्या मोटारसायकली. रॅम्प चढून गेलं की व्हरांड्याआधी चार इंचांची कड, कारण नंतर फरशी बसवली आणि रॅम्प होता तसाच राहिला. वर्गाच्या दाराशी उंबरठा.

माझा सल्ला: तक्रार करण्याआधी सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना बोलावून त्यांच्यापैकीच एकाला खुर्चीत बसू द्या आणि ढकलायलाही त्यांच्यापैकीच कुणी असू द्या. हे चेष्टेनं नको, शांतपणे, चहाच्या आधी. एका गावात सरपंचांनी स्वतः ढकललं. खुर्ची रॅम्पवर कशीबशी चढली आणि शेवटच्या चार इंचांवर पुढची चाकं आडवी वळून अडली. मागं उतार, पुढं कड, वर बसलेले ग्रामपंचायत सदस्य दोन्ही हातांनी चाक धरून होते. सरपंचांना ब्रेक कुठं आहे तेच माहीत नव्हतं. त्यानंतर कुणाला काही समजावावं लागलं नाही. आठवड्यात ती कड भरली गेली.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तो माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४५ नुसार आधीपासून असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले, म्हणजे ती मुदत केव्हाच गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते सुचवण्यापुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. गावापर्यंत हे पोचायला वेळ लागतो त्याचंही कारण आहे. ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाचा भर निवडक शहरांतल्या सरकारी इमारती, विमानतळ, रेल्वे स्थानकं यांवर होता. २०११ च्या जनगणनेत देशातल्या २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी जवळपास ६९ टक्के खेड्यांत राहत होते. ग्रामपंचायत कार्यालय, उपकेंद्र, रेशन दुकान, गावची शाळा हीच त्यांची सार्वजनिक ठिकाणं, आणि तीच यादीत शेवटी राहिली.

५ टक्के निधीचं गणित मात्र नीट समजून घ्या, म्हणजे सरपंचांशी उगाच वाद होणार नाही. हा निधी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के असतो, येणाऱ्या सगळ्या निधीच्या नव्हे. घरपट्टी, पाणीपट्टी मिळून लहान गावाचं स्वतःचं उत्पन्न समजा ३ लाख असेल, तर हाती येतात १५ हजार. गावात २० दिव्यांग असतील तर प्रत्येकी साडेसातशे. म्हणून तो बहुतेक ठिकाणी धनादेश किंवा एखादी वस्तू देऊन संपवला जातो. यातून बॅटरीची तीनचाकी निघणं अवघडच, आणि निघाली तर बाकी १९ जणांच्या वाट्याचं काय? त्यांच्यातली एखादी म्हातारी आजी अंध असेल, एखादं मूल मतिमंद असेल. तुम्ही या निधीतून भावासाठी कमोड खुर्ची, गादी किंवा संडासाचं दार मागा. हे बसण्यासारखं आहे.

रस्ता, नालीवरचा स्लॅब, शाळा-ग्रामपंचायतीच्या रॅम्पची दुरुस्ती या गोष्टी ५ टक्क्यांत मागूच नका. ती सगळ्या गावाची कामं आहेत, ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात वित्त आयोगाच्या निधीतून घ्यायला सांगा. आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ठरावात नोंद झाली का ते वाचून पाहा. अर्जात 'दिव्यांगांसाठी सोय करावी' असं मोघम लिहू नका. 'अमुक यांच्या घरापासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या रस्त्यावर तीन ठिकाणी नालीवर सलग स्लॅब, ग्रामपंचायतीच्या रॅम्पची लांबी ८ फुटांवरून १८ फूट, माथ्यावरची ४ इंचांची कड भरणे' असं मापासकट लिहा. मापं असलेल्या अर्जाचं अंदाजपत्रक निघतं. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळतं. आणि शक्य असेल तर अर्ज घेऊन भावानं स्वतः जावं. 'सही आम्ही घरी येऊन घेतो' असं प्रेमानं म्हणतील. त्या प्रेमामुळंच वर्षानुवर्षं रॅम्प दुरुस्त होत नाही.

त्या अर्जात गावातल्या इतरांचंही लिहा, वजन वाढतं. अंध माणसाला रॅम्पपेक्षा उघडी नाली आणि रस्त्यात खणून ठेवलेला खड्डा जास्त नडतो. बहिऱ्या बाईला उपकेंद्रात नंबर पुकारलेला कळत नाही, फळ्यावर लिहिला तर कळेल. कुष्ठरोगानं बोटं गेलेल्यांचा रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही, त्यांना नॉमिनीची, म्हणजे त्यांच्या वतीनं दुसऱ्यानं रेशन घेण्याची, सोय मिळाली पाहिजे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, त्यात सिकलसेल आहे. या आजारात काही तरुणांचा खुब्याचा सांधा निकामी होतो, बाहेरून मुलगा धडधाकट दिसतो आणि बसमध्ये राखीव सीटवर बसला की लोक बोलतात.

बसचाच विषय निघाला म्हणून. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. भावाच्या दृष्टीनं ती कागदावरच राहते, कारण लालपरीची पहिली पायरी जवळपास गुडघ्याएवढ्या उंचीवर असते आणि गावाचा थांबा फाट्यावर असतो. त्यामुळं जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर गाडी करावी लागते, आणि तो खर्च प्रत्येक वेळी झेपत नाही. म्हणून एका फेरीत जास्तीत जास्त कामं बसवा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालेलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर आधी ऑनलाइन अर्ज करा, तपासणी मंडळ कुठल्या वारी बसतं ते रुग्णालयात फोन करून विचारा, आणि त्याच दिवशी युरॉलॉजी, कॅथेटर, जखमेची तपासणी उरका. भामरागड किंवा धारणीकडच्या माणसांना तर एका सहीसाठी दीडशे किलोमीटर जावं लागतं आणि पावसाळ्यात पूर आला की रस्ताच बंद. त्यांच्यासाठी तपासणी शिबिर तालुक्याला घ्या अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातून जाऊ शकते.

आता बॅटरीची तीनचाकी. घराची वाट पूर्ण झाली, भाऊ खुर्चीत दिवसाचे काही तास जखमेशिवाय बसू लागला, स्वतः चढ-उतर करू लागला, आणि त्याला रोज कुठंतरी दूर जायचं आहे, तालुक्याला मोबाइल दुरुस्ती शिकायला किंवा शेजारच्या गावातल्या सेवा केंद्रात कामाला, तेव्हा ती फार उपयोगाची. तेव्हा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडं आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेच्या शिबिरात अर्ज करा. ती सगळ्यांना मिळत नाही, निदान आणि टक्केवारी पाहून ठरवतात, म्हणून आधी विचारून जा. घेण्याआधी बघा: रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा आहे का, कारण पांदण रस्त्याच्या चिखलात रुतली तर तिला काढायला चार-पाच माणसं लागतात. रात्री चार्जिंगला वीज टिकते का. दुरुस्ती करणारा किती लांब. सीटवर गादी बसते का. पावसाळ्यात आपल्या मातीत हिच्यापेक्षा पुढं एक मोठं चाक असलेली लांब बांध्याची खुर्ची जास्त चालते, ती मिळाली तर गावात तीच बरी.

आणखी एक गोष्ट जमवा. मणक्याची दुखापत झालेला आणि खुर्चीवर फिरणारा, त्याच्याच वयाचा दुसरा कुणी जवळपासच्या तालुक्यात असेल, त्याची भेट घडवा. लघवी, जखमा, लग्न, कमाई, लोकांच्या नजरा हे ते दोघं एका दुपारी जितकं बोलतील तितकं मी सहा महिन्यांत बोलू शकत नाही. पुनर्वसन विभागात विचारलं तर असे लोक सापडतात.

पुढचं नेमकं सांगायला मला एवढं कळवा: जोत्याची उंची, फाटकापर्यंतचं अंतर, दाराची आतून रुंदी, खुर्चीची रुंदी आणि सीटची उंची, हाताचा दांडा निघतो की नाही, संडासाचा आतून आणि बाहेरून फोटो. त्यावरून रॅम्पचं आणि न्हाणीचं कच्चं रेखाटन मी काढून देते, गवंड्याला ते पुरेल. पण त्याआधी आज रात्री एक करा. भावाच्या माकडहाडावर, दोन्ही ढुंगणांच्या हाडांवर आणि टाचांवर कुठं लाल-काळसर डाग आहे का ते त्याला किंवा बाबांना पाहायला सांगा. दाब काढल्यावर अर्ध्या तासात तो डाग गेला नाही, तर बाकी सगळं बाजूला ठेवा, त्या जागेवर बसणं-झोपणं बंद करा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा.